कंट्रोल व्हॉल्व्ह उघडणं, दुरुस्त करणं आणि परत बसवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, मडकई, डिचोली, कुंकळ्ळी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा. बॉयलर हाऊसच्या भिंतीपाशी, रिअॅक्टरच्या जॅकेटवर, नाहीतर पाश्चरायझरच्या स्टीम लाइनवर एकतरी ग्लोब कंट्रोल व्हॉल्व्ह असतोच. वर डायफ्रामचा डबा (हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह हलवणारा अॅक्च्युएटर), बाजूला पोझिशनर (सिग्नलप्रमाणे हवा देऊन व्हॉल्व्ह नेमक्या जागी ठेवणारं उपकरण), खाली बॉडी. तो नीट चालतो तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि बिघडला की सगळे पाना घेऊन धावतात. फिटर, इन्स्ट्रुमेंटवाले आणि आयटीआयमधून नुकती आलेली मुलं जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलंय. बहुतेक उत्तरं स्प्रिंग-डायफ्राम अॅक्च्युएटरच्या ग्लोब व्हॉल्व्हसाठी आहेत. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

व्हॉल्व्ह खरंच उघडायला, म्हणजे खोलायला, हवा का, हे कसं ठरवायचं?

माझ्या मते उघडलेल्या व्हॉल्व्हपैकी बरेचसे उघडायची गरजच नसते. तक्रार येते "व्हॉल्व्ह बरोबर चालत नाही", आणि दोष निघतो हवेत, पोझिशनरच्या लिंकमध्ये, स्टेमच्या (प्लगला वरखाली करणाऱ्या दांड्याच्या) ढिल्या कनेक्टरमध्ये किंवा आवळून आवळून दगड झालेल्या, स्टेमभोवतीच्या पॅकिंगमध्ये. म्हणून बॉडीला हात लावण्याआधी बाहेरून हे बघून घ्या.

एअर फिल्टर रेग्युलेटरचा ड्रेन उघडा. पाणी किंवा तेल आलं तर आधी तिकडचं काम. सप्लायचा दाब नेमप्लेटप्रमाणे आहे का ते बघा. ०.२ ते १.० बारच्या अॅक्च्युएटरला साधारण १.४ बार सप्लाय लागतो. "ताकद कमी पडते" म्हणून कुणीतरी तो वाढवून ठेवलेला असतो आणि मग डायफ्राम फाटतो. त्यानंतर कंट्रोल रूममधून सिग्नल एक-एक टक्क्याने वाढवायला सांगा आणि स्वतः ट्रॅव्हल इंडिकेटरपाशी उभे राहा. स्टेम बराच वेळ हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो, असं दिसलं तर पॅकिंगचं घर्षण जास्त आहे. स्टेम नीट हलतोय, पोझिशन बरोबर येतेय, पण फ्लो बदलत नाही, तर मात्र आत बघावं लागेल. प्लग (सीटवर बसून वाट बंद करणारा भाग) स्टेमपासून सुटलेला असू शकतो किंवा ट्रिममध्ये, म्हणजे प्लग, सीट आणि प्लगभोवतीची भोकांची केज या आतल्या भागांत, काहीतरी अडकलेलं असू शकतं.

साबणाचं पाणी ही सगळ्यात स्वस्त चाचणी. डायफ्राम केसिंगच्या कडेला, ट्यूब फिटिंगला, पोझिशनरच्या जोडांना लावा. दहा मिनिटांत अर्धे संशय मिटतात.

"पासिंग आहे", म्हणजे बंद असूनही आतून गळतंय, अशी तक्रार आहे. किती पासिंग म्हणजे जास्त?

हा प्रश्न आधी विचारला तर पुष्कळ कष्ट वाचतात. कंट्रोल व्हॉल्व्ह हा आयसोलेशन व्हॉल्व्ह नाही. मेटल सीट असेल तर बंद अवस्थेत थोडं काहीतरी जाणारच आणि किती जायला परवानगी आहे ते एएनएसआय/एफसीआय ७०-२ आणि आयईसी ६०५३४-४ या मानकांत लिहिलेलं आहे. क्लास २ ला रेटेड क्षमतेच्या ०.५ टक्के, क्लास ३ ला ०.१ टक्के, क्लास ४ ला ०.०१ टक्के.

टक्के वाचून अंदाज येत नाही, म्हणून आकडा काढून बघू. २ इंची व्हॉल्व्ह आहे, सीव्ही (पूर्ण उघड्या व्हॉल्व्हची प्रवाहक्षमता सांगणारा आकडा) ४०. साडेतीन बार दाबफरकावर पूर्ण उघडा असताना त्यातून मिनिटाला हजारेक लिटर पाणी जाईल. क्लास ४ असेल तर बंद असताना मिनिटाला सुमारे १०० मिलिलिटर गळणं मान्य आहे. क्लास २ असेल तर तब्बल ५ लिटर. म्हणजे नेमप्लेटवर क्लास २ लिहिलेल्या व्हॉल्व्हमधून बारीक धार येतेय म्हणून तो फोडून बसलात, तर तुम्ही धडधाकट व्हॉल्व्हवर शस्त्रक्रिया करताय. क्लास ६ सॉफ्ट सीटसाठी. तिथे हवेचे बुडबुडे मोजतात: सीटचा व्यास २ इंच असेल तर मिनिटाला ३, ४ इंच असेल तर ११.

दुसरं असं की पासिंगचं कारण पुष्कळदा सीट नसतंच. ४ मिलिअँपिअरला (४ ते २० च्या सिग्नलमधला शून्य टक्के) अॅक्च्युएटरमध्ये थोडी हवा शिल्लक राहते आणि प्लग केसभर वर राहतो. पोझिशनरमध्ये टाइट शटऑफचं सेटिंग असतं. सिग्नल एक-दोन टक्क्यांच्या खाली गेला की सगळी हवा सोडून द्यायची, असं ते काम करतं. ते चालू आहे का बघा. आणि बायपास व्हॉल्व्ह स्वतः पास होत नाही ना, तेही बघा. हे तपासायचं जवळजवळ सगळेच विसरतात.

उघडण्याआधी लाइन कशी सुरक्षित करायची?

परमिट, लॉकआउट, टॅग हे तर आहेच, त्यात सूट नाही. पण कागद पूर्ण असूनही माणसं भाजतात ती एका गोष्टीमुळे. व्हॉल्व्हच्या आधीचा आयसोलेशन बंद, नंतरचा बंद, आणि मध्ये कंट्रोल व्हॉल्व्हही बंद. म्हणजे दोन वेगळे कप्पे झाले आणि ड्रेन बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो. ड्रेन उघडला, दाब गेला, गेज शून्य दाखवतोय, सगळे खूश, आणि दुसऱ्या बाजूचा दाब तसाच कोंडलेला. म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोकळ्या करा किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून मग ड्रेन करा. व्हॉल्व्ह उघडा ठेवण्यासाठी हवा लागत असेल तर ती तोडण्याआधीच हे उरका.

स्टीम असेल तर दाब गेल्यावरही थांबा. ७ बार गेजला वाफेचं तापमान सुमारे १७० अंश असतं आणि बॉडी थंड व्हायला वेळ लागतो. कॉस्टिक, अॅसिड, अमोनिया असेल तर फ्लशिंग झाल्याची खात्री स्वतः करा, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड ठेवा आणि आयवॉशचं पाणी चालू आहे का ते काम सुरू करण्याआधी बघा.

हवेची नळी काढली तरी अॅक्च्युएटरमधली स्प्रिंग दाबलेलीच असते, हेही डोक्यात ठेवा.

अॅक्च्युएटर आधी काढायचा की बॉनेटसकट (बॉडीच्या झाकणासकट) वर उचलायचा?

छोटा व्हॉल्व्ह असेल आणि वर चेन ब्लॉकला जागा असेल तर सगळा वरचा भाग एकत्र उचलता येतो. पण पॅकिंग बदलायचं असेल तर अॅक्च्युएटर वेगळा करावाच लागतो, म्हणून मी शक्यतो आधी तोच काढतो.

काढण्याआधी खुणा करा. बॉडी, बॉनेट, योक (अॅक्च्युएटरची चौकट) यांवर एका रेषेत पंचने ठिपके. स्टेम कनेक्टरची जागा, म्हणजे स्टेमचे किती आटे बाहेर दिसतात, त्याचा मोबाइलवर फोटो. ट्रॅव्हल स्केलचाही.

आता महत्त्वाचं. हवेने उघडणारा व्हॉल्व्ह असेल, म्हणजे स्प्रिंग त्याला बंद ठेवते, तर स्टेम कनेक्टर सोडण्याआधी हाताच्या रेग्युलेटरने थोडी हवा देऊन प्लग सीटवरून वर उचला, ट्रॅव्हलच्या पाव भागाइतका. प्लग सीटवर दाबलेला असताना स्टेम फिरवला तर सीटची कड खरवडली जाते. मग आधी नसलेलं पासिंग तुम्हीच तयार करता. हवेने बंद होणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगनेच प्लग वर असतो, तिथे ही कसरत लागत नाही.

कनेक्टर सुटला की हवा पूर्ण सोडा, नळी काढा, स्लिंग लावा आणि मगच योकचा नट. डायफ्रामच्या डब्याच्या बोल्टला स्लिंग अडकवणारे लोक मी बघितलेत. लिफ्टिंग लग दिलेला असतो, तोच वापरा.

अॅक्च्युएटरचा डबा उघडायला भीती वाटते. बरोबर आहे का?

बरोबर आहे. ती भीती राहू द्या. स्प्रिंग ज्या बाजूला आहे त्या केसिंगमध्ये बहुधा काही बोल्ट इतरांपेक्षा लांब दिलेले असतात. आधी सगळे आखूड बोल्ट काढायचे. मग लांब बोल्टचे नट आळीपाळीने, थोडे थोडे, सगळे समान सोडत जायचं. स्प्रिंगचा ताण संपला की डबा आपोआप मोकळा होतो. सगळे बोल्ट सारखेच दिसले, किंवा कुणीतरी मागच्या वेळी लांब बोल्ट हरवून आखूड टाकलेत अशी शंका आली, तर लांब स्टड मिळेपर्यंत डबा उघडू नका. स्प्रिंग अॅडजस्टर असेल तर आधी तो पूर्ण ढिला करा. आणि डोकं कधीही केसिंगच्या वर आणू नका, तोंडाने कितीही सांगा की "काही होत नाही".

बॉनेटचे नट सोडण्याची पद्धत काय?

सगळे नट आधी दोन-तीन आटे ढिले करा, एकही पूर्ण काढू नका. तुमच्यापासून लांबच्या बाजूने सुरुवात करा. मग बॉनेट हलवून गॅस्केटचा जोड सुटू द्या. आत काही कोंडलेलं असेल तर ते तुमच्या विरुद्ध बाजूला निघेल आणि नट अजून धरून असतील. काहीच आलं नाही की मग नट काढा. बॉनेट सरळ वर उचला. तिरका झाला तर प्लग केजमध्ये अडकतो आणि स्टेम वाकतो.

केज कधीकधी बॉनेटला चिकटून वर येते आणि अर्ध्यावर सुटून पडते. खाली हात नको.

आट्यांची सीट रिंग निघत नाही. छिन्नी मारू का?

नाही. पेनिट्रेटिंग तेल टाकून रात्रभर ठेवा आणि त्या मापाचं सीट रिंग टूल बनवून घ्या. वसाहतीतला कुठलाही बरा टर्नर एका दिवसात बनवून देतो. टूलला वरून पकड देऊन मगच फिरवा, नाहीतर कानांवरून घसरतं. छिन्नीने कान तुटले की पुढचा मार्ग लेथवर बॉडी चढवून रिंग कापणं हाच उरतो.

उघडल्यावर आत नेमकं काय बघायचं?

इथे घाई नको. बहुतेक ठिकाणी ट्रिम काढतात, डिझेलने पुसतात, चकचकीत करतात आणि मग विचारतात काय झालंय. आधी न पुसता बघा. पुसलं की पुरावा गेला.

प्लगचा पृष्ठभाग चिऱ्यासारखा खडबडीत, भोकाभोकांचा झाला असेल तर ते कॅव्हिटेशन. सीटपाशी अरुंद जागेत द्रवाचा दाब बाष्पदाबाच्या खाली जातो, बुडबुडे होतात, पुढे दाब परत वाढतो आणि ते बुडबुडे धातूवरच फुटतात. बॉयलर फीड वॉटरच्या व्हॉल्व्हमध्ये, विशेषतः कमी लोडवर, हे हमखास. चालू असताना आतून खडी वाहत असल्यासारखा आवाज येत होता का, ते ऑपरेटरला विचारा. अशा ठिकाणी तोच प्लग पुन्हा टाकला तर तो पुन्हा तसाच होणार. अँटी-कॅव्हिटेशन ट्रिम, किंवा दाब दोन टप्प्यांत पाडणं, किंवा व्हॉल्व्हपुढचा दाब वाढवणं, यातलं काहीतरी करावं लागेल.

झीज झालीय, पण पृष्ठभाग गुळगुळीत, घासून पॉलिश केल्यासारखा असेल तर ते फ्लॅशिंग. कंडेन्सेट लाइनवर दिसतं. इथे पुढचा दाबच बाष्पदाबाच्या खाली असतो, त्यामुळे वाफ वाफच राहते आणि थेंबांसकट वेगाने घासत जाते. ट्रिम बदलून फ्लॅशिंग थांबत नाही. कठीण धातू, मोठी आउटलेट लाइन एवढंच आपल्या हातात.

सीटच्या कडेवर एखादी बारीक आडवी चीर, जणू तार ओढून कापलीय अशी, तर वायर ड्रॉइंग. ओली वाफ असताना व्हॉल्व्ह बंद ठेवला, किंचित गळत राहिला, आणि त्या फटीतून वाफेने धातू कापत नेला. ही चीर नखाला लागते. नख अडकलं तर लॅपिंगने (कंपाउंड लावून प्लग सीटवर घासण्याने) जाणार नाही असं समजा. आणि स्टीम ट्रॅप बघा, कारण ओली वाफ तिथूनच आलीय.

प्लगच्या टोकाशी, सीटच्या अगदी जवळ, गोल पट्टा झिजलेला आणि वरचा भाग कोरा करकरीत? म्हणजे व्हॉल्व्ह सगळं आयुष्य पाच-दहा टक्क्यांवर चाललाय. तो गरजेपेक्षा मोठा निवडलाय. हे इतकं सर्रास आहे की याचं मला नवल वाटणं बंद झालंय. डिझाइन करणाऱ्याने थोडं जास्त धरलं, खरेदीवाल्याने आणखी थोडं, आणि शेवटी प्लांट ठरवल्यापेक्षा कमी क्षमतेवर चालतो. उपाय बहुतेक वेळा त्याच बॉडीत कमी सीव्हीची ट्रिम.

स्टेमवर उभे ओरखडे असतील तर पॅकिंगमध्ये कचरा गेलाय. एकाच बाजूला घासलेलं असेल तर स्टेम वाकलाय किंवा अॅक्च्युएटर सरळ बसलेला नाही. केजच्या भोकांत वेल्डिंगची गुठळी, गॅस्केटचा तुकडा, गंजाचे पापुद्रे सापडले तर स्ट्रेनर उघडून बघा. जाळी बहुधा फाटलेली असते, किंवा कुणीतरी "फ्लो मिळत नाही" म्हणून काढून टाकलेली असते.

हे सगळं फोटो काढून ठेवा. मगच पुसा.

लॅपिंग घरच्या घरी करता येईल का?

हलके डाग, किरकोळ ओरखडे असतील तर हो. प्लग, स्टेम, बॉनेट एकत्र ठेवून, बॉनेटलाच गाइड म्हणून वापरून करा. प्लग हातात धरून मोकळा फिरवलात तर तो डुलतो आणि सीट अंडाकृती होते. आधी जाडसर कंपाउंड, मग बारीक. हलक्या हाताने अर्धा-पाव वेढा मागेपुढे, अधूनमधून उचलून नव्या जागी ठेवायचा. शेवटी सगळं पुसून ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून बघा. सगळीकडे अखंड, बारीक रेघ उमटली पाहिजे.

रेघ बारीक हवी, रुंद नको. पुष्कळ व्हॉल्व्हमध्ये प्लगचा आणि सीटचा कोन मुद्दाम एखाद्या अंशाने वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे संपर्क रेषेवर होतो आणि तिथे दाब जास्त येतो. तासन्तास घासून रुंद चकचकीत पट्टा केलात तर दिसायला छान, पण बंद होताना तोच जोर मोठ्या जागेवर पसरतो आणि पासिंग वाढतं.

सॉफ्ट सीटला लॅपिंग नाही, नवीन रिंग.

फक्त प्लग बदलला तर चालेल?

टाळा. प्लग आणि सीट जोडीने बदला. जुन्या सीटवर नवा प्लग बसवून लॅपिंग करत बसण्यात जो वेळ जातो, त्यात रिंगची किंमत निघते.

पॅकिंग पीटीएफईचं की ग्राफाइटचं?

साधारण २३० अंशांपर्यंत पीटीएफई (टेफ्लॉन) व्ही-रिंग. घर्षण कमी, व्हॉल्व्ह मऊ चालतो. त्याच्या वर ग्राफाइट. ग्राफाइटचं घर्षण जास्त, म्हणून ते टाकल्यावर पोझिशनर पुन्हा ट्यून करावा लागतो. "एकाच प्रकारचा स्टॉक ठेवू" म्हणून गरज नसताना सगळीकडे ग्राफाइट टाकणारे प्लांट आहेत, आणि मग तिथले लूप हंटिंग करतात, म्हणजे एका जागी न थांबता वरखाली होत राहतात.

जुनं पॅकिंग काढताना टोकदार स्क्रूड्रायव्हरने स्टफिंग बॉक्सची भिंत खरवडू नका. बॉनेट काढलेलाच असेल तर खालून दांड्याने सगळं एकत्र वर ढकला. नवीन रिंग बसवताना स्टेमच्या आट्यांवरून सरकवायच्या असतात. त्या आट्यांवर पातळ पत्र्याची किंवा टेपची टोपी करा, नाहीतर व्ही-रिंगची ओठासारखी कड कापली जाते आणि पहिल्याच दिवशी गळती. कापलेल्या रिंग असतील तर कापाच्या जागा एकमेकींवर येऊ देऊ नका.

स्प्रिंगवालं पॅकिंग असेल तर ग्लॅंड फॉलोअरचा खांदा बॉनेटला टेकेपर्यंत आवळा, पुढे स्प्रिंग आपलं काम करते. बाकीच्यात गळती थांबेल एवढंच. पाना लांब मिळाला म्हणून जोर लावायचा नसतो.

बॉनेटचं जुनं गॅस्केट चांगलं दिसतंय. परत वापरू?

नाही. स्पायरल वाउंड गॅस्केट एकदा दाबलं की झालं त्याचं काम.

परत जोडताना कशाची काळजी घ्यायची?

सगळे फेस स्वच्छ, गॅस्केटच्या जागेवर ओरखडा नाही. स्टडच्या आट्यांना अँटी-सीझ लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस नट असेल तर विसरूच नका, नाहीतर आटे एकमेकांत रुतून बसतात. औषध किंवा खाद्य कारखान्यात फूड ग्रेडचंच हवं आणि ऑक्सिजन लाइनवर कसलंच तेल-ग्रीस चालत नाही.

नट समोरासमोरच्या जोडीने, तीन-चार फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. प्रत्येक फेरीनंतर स्टेम हाताने वरखाली करून बघा. अडकला तर तिथेच थांबा, कारण केज तिरकी बसलीय आणि पुढे आवळून ती सरळ होणार नाही. पहिल्यांदा लाइन गरम झाल्यावर बॉनेट आणि ग्लॅंड दोन्हीकडे परत एकदा नजर टाका.

बेंच सेट म्हणजे काय? ते तपासावंच लागतं का?

अॅक्च्युएटर व्हॉल्व्हपासून सुटा असताना स्टेम कितव्या दाबाला हलायला लागतो आणि कितव्याला पूर्ण ट्रॅव्हल करतो, तो दाबाचा पट्टा. नेमप्लेटवर लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ०.२ ते १.० बार. अॅक्च्युएटर उघडला असेल, स्प्रिंग बदलली असेल तर तपासा. नुसतं पॅकिंग बदललं असेल तर सोडून द्या.

पोझिशनरचं कॅलिब्रेशन कसं करावं?

आधी यंत्र बघा, मग बटण. ५० टक्के ट्रॅव्हलला फीडबॅकचा लीव्हर स्टेमशी काटकोनात असला पाहिजे. तो तसा नसेल तर ऑटो कॅलिब्रेशन हिरवा दिवा दाखवून मोकळं होईल, पण मधल्या पट्ट्यात चूक राहीलच.

मग ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर, चढत्या क्रमाने आणि उतरत्या क्रमाने. प्रत्येक टप्प्याला स्केलवर वाचा, डिस्प्लेवर नाही. चढताना आणि उतरताना एकाच सिग्नलला वेगळी जागा दिसली तर घर्षण किंवा लिंकमधला ढिलेपणा आहे. ते सॉफ्टवेअरने झाकू नका. शेवटी सिग्नल तोडून आणि हवा तोडून, दोन्ही वेगवेगळं करून, व्हॉल्व्ह सुरक्षित बाजूला जातो का बघा. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा ही चाचणी कागदावरच न ठेवलेली बरी.

गोव्यातल्या पावसाचा आणि खाऱ्या हवेचा कितपत फरक पडतो?

पुष्कळ. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. कॉम्प्रेसर जी हवा ओढतो तीच ओली. ड्रायरचा डेसिकंट जुना असेल तर जुलैत इन्स्ट्रुमेंट एअरमध्ये पाणी येतं आणि पोझिशनरचे बारीक नोझल त्याने बंद पडतात. मेमध्येच ड्रायर तपासा, ऑटो ड्रेन खरंच उघडतात का ते बघा, आणि पावसाळ्यात फिल्टर रेग्युलेटरचे ड्रेन शिफ्टला एकदा हाताने उघडायची सवय लावा.

झुआरीनगर, वास्को, वेर्ण्याच्या पठाराकडे हवेत मीठ आहे. तिथे एअर ट्यूबिंग ३०४ पेक्षा ३१६ स्टेनलेसची घ्या. बी७ (मिश्र पोलादाच्या) स्टडना कोटिंग किंवा निदान ग्रीस आणि टोप्या. पोझिशनरच्या केबल ग्लॅंडचं तोंड खाली हवं आणि केबलला आत जाण्याआधी खाली वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. न वापरलेल्या एंट्रीला प्लास्टिकची पिवळी टोपी तशीच राहिलेली असते. ती फक्त वाहतुकीपुरती असते. तिथे धातूचा प्लग लावा.

आणखी एक, मॅन्युअलमध्ये दोन ओळींत उरकलेलं: अॅक्च्युएटरच्या व्हेंटच्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर करते. व्हेंट बंद झाला की डब्यातली हवा कोंडते आणि व्हॉल्व्ह आळशी चालतो. सगळा दिवस पोझिशनर तपासण्यात जातो आणि शेवटी काडीने माती काढली की व्हॉल्व्ह नीट. व्हेंटला जाळीवाली टोपी लावा, भोक खालच्या दिशेला ठेवा.

चवथीच्या सुट्टीनंतर व्हॉल्व्ह चिकटलेले का मिळतात?

कारण प्लांट बंद, लाइन ओली, हवा दमट. ग्राफाइट पॅकिंग ओलं असताना स्टेनलेस स्टेमला लागून पडून राहिलं की गॅल्व्हॅनिक गंज धरतो आणि स्टेमवर बारीक खड्डे पडतात. पुढे तेच खड्डे नव्या पॅकिंगलाही फाडतात. बंद करताना लाइन ड्रेन करून, जमलं तर हवा मारून कोरडी करा. इन्स्ट्रुमेंट एअर चालू ठेवता आली तर घरी जाण्याआधी आणि परत आल्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह शून्य ते शंभर दोन-तीनदा फिरवा. स्टोअरमध्ये पडून असलेल्या स्पेअर व्हॉल्व्हलाही हेच लागू: पाण्याची चाचणी घेऊन ओला ठेवलेला व्हॉल्व्ह वर्षभराने काढला की स्टेम बघा.

दर किती महिन्यांनी ओव्हरहॉल करावा?

सरसकट एक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कूलिंग वॉटरचा व्हॉल्व्ह कित्येक वर्षं न उघडता चालतो, फीड वॉटरचा प्रत्येक शटडाऊनला बघावा लागतो. मागच्या वेळी उघडला तेव्हा तो कसा मिळाला, त्यावर पुढची तारीख ठरवा.

दुरुस्ती आपण करायची की बाहेर पाठवायचा?

पॅकिंग, गॅस्केट, डायफ्राम, हलकं लॅपिंग, कॅलिब्रेशन हे आपल्या वर्कशॉपमध्ये. स्टेलाइट (कठीण मिश्रधातू) भरून पुन्हा मशिनिंग, बॉडीतल्या सीटच्या जागेची दुरुस्ती, सीट लीक टेस्टचा दाखला हवा असेल, तर बाहेर. बेळगाव-कोल्हापूरकडे मशिनिंगची सोय चांगली आहे. फक्त पावसाळ्यात घाटातला उशीर धरूनच शटडाऊनचं वेळापत्रक करा.

पाठवताना "व्हॉल्व्ह खराब" एवढंच लिहू नका. माध्यम, तापमान, आधीचा-नंतरचा दाब, नेहमी किती टक्क्यांवर चालतो आणि न पुसलेल्या ट्रिमचे फोटो द्या.

बॉल किंवा बटरफ्लाय कंट्रोल व्हॉल्व्हलाही हेच लागू का?

अॅक्च्युएटर, पोझिशनर, हवा याबाबतीत हो. बॉल व्हॉल्व्हमध्ये जादा धोका असा की बंद असताना बॉलभोवतीच्या पोकळीत द्रव कोंडलेला राहतो. लाइनमधून काढण्याआधी तो अर्धा उघडून पोकळी मोकळी करा.

सेफ्टी व्हॉल्व्हही असाच उघडू शकतो का?

नाही. त्याचं सील तोडायचं नाही, स्प्रिंगला हात लावायचा नाही. ते काम अधिकृत माणसाचं आणि चाचणीच्या दाखल्यासकट.

नेमप्लेट रंगाखाली गेलीय, वाचता येत नाही. स्पेअर कसे मागवू?

रंगारी मोसमात एकदा येतो आणि व्हॉल्व्ह, गेज, नेमप्लेट सगळं एका रंगात रंगवून जातो. थिनरच्या बोळ्याने हळू पुसा, वायर ब्रश मारू नका, कोरलेले आकडेही जातील. सीरियल नंबर मिळाला तर बाकी सगळं कंपनीकडून कळतं. नाहीच मिळाला तर बॉडीवर ओतलेलं माप आणि प्रेशर क्लास, स्टेमचा व्यास, ट्रॅव्हल, सीटच्या भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजून आणि प्लगचा बाजूने काढलेला फोटो, एवढं पाठवा. आणि पुढच्या रंगाच्या आधी सगळ्या नेमप्लेटवर मास्किंग टेप लावायला कुणालातरी सांगून ठेवा.